अस्सलपणाचें खूळ आणि सायकलचा ब्रेक

साहित्य आणि विचार यांस वाहिलेल्या मासिकांत सायकलच्या ब्रेकवर लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर येईल असें आम्हांस स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. कांहीं वाचक हें शीर्षक पाहून पान उलटतील, आणि प्राध्यापकमहाशयांस आतां विषयांचा दुष्काळ पडला असा सोयीस्कर तर्क कांहीं जण करतील. त्या सर्वांची क्षमा मागून आम्ही एवढेंच म्हणतों कीं, ज्या वस्तूवर मनुष्याचें हाडमांस अवलंबून असतें ती वस्तु क्षुल्लक नसते. आणि तिच्याविषयीं सुशिक्षित मंडळी जेव्हां मोठ्या आत्मविश्वासानें चुकीचें बोलूं लागतात, तेव्हां गप्प बसणें हा सभ्यपणा नसून भित्रेपणा होय.

प्रसंग असा घडला. आमच्या धाकट्या बहिणीचे सासरे १९५६ सालीं इंग्लंडांतील शिक्षण संपवून परत आले, तेव्हां त्यांनीं बरोबर एक ‘रॅले स्पोर्ट्स’ सायकल आणिली होती. नॉटिंगहॅमच्या कारखान्यांतील, गर्द हिरव्या रंगाची, मागच्या चाकांत स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब असलेली, आणि दोन्ही चाकांवर पोलादी कॅलिपर ब्रेक बसविलेली अशी ती सायकल होती. त्या गृहस्थांनीं ती पुण्याच्या रस्त्यांवर तीस वर्षें चालविली. पुढें ती माळ्यावर गेली. दोन वर्षांपूर्वीं आमच्या भाच्यानें ती खालीं उतरविली, गंज घासून काढला, रंग जुळवून घेतला, कांहीं भाग जुन्या बाजारांत धुंडाळले, कांहीं परदेशांतून टपालानें मागविले, आणि प्रत्येक स्क्रू त्याच काळचा आहे अशी खात्री करून ती पुन्हां उभी केली. जुन्या सायकलींच्या एका प्रदर्शनांत तिला अस्सलपणाचें पहिलें बक्षीस मिळालें. परीक्षकांनीं क्रोमच्या रिमवर बोट फिरवून पाहिलें, कॅलिपरवरील कारखान्याचा शिक्का भिंगांतून वाचला, आणि शेजारच्या एका सायकलीचे गुण, तिला ॲल्युमिनियमच्या रिमा बसविल्या म्हणून, कापले.

त्यानंतर महिन्याभरानें, आषाढांतल्या एका सकाळीं, आमचा भाचा बोपदेव घाट कोंढव्याच्या बाजूस उतरत होता. पाऊस नुकताच सुरू झाला होता. वळणापुढें एक भाजीचा टेंपो बंद पडून उभा होता. भाच्यानें दोन्ही लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबले. रबरें रिमला टेकलींहि. परंतु चाकें फिरतच राहिलीं. मनगटाचें हाड मोडलें, हनुवटीस पांच टांके पडले, आणि सायकलचा पुढचा चिमटा वांकला. प्राण वांचले हें टेंपोवाल्याचे उपकार. कारण त्यानें मागें कोबीचीं पोतीं रचलीं होतीं. बक्षीस देणाऱ्या परीक्षकांपैकीं एकानेंहि ती सायकल दहा पावलें चालवून थांबवून पाहिली नव्हती, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळली.

भाच्याच्या समाचारास जे लोक आले, त्यांत जुन्या सायकलींचे शौकीन पुष्कळ होते. हात गळ्यांत बांधलेला तो मुलगा पलंगावर बसून विचारीत होता, “मामा, आतां ब्रेक कोणता बसवूं?” आणि त्याच्या भोंवतीं दोन पक्ष पडून घनघोर वाद चालला होता. एक पक्ष म्हणे, पूर्वींचेच पोलादी कॅलिपर शोधून आण, दुसरें कांहींहि बसविणें म्हणजे आजोबांच्या स्मृतीचा अपमान. दुसरा म्हणे, पोलाद हेंच सर्व अनर्थाचें मूळ. तें भंगारांत घाल, आणि आजच्या शर्यतीच्या सायकलीचे ॲल्युमिनियमचे कॅलिपर लाव. पहिल्या पक्षास आम्ही अस्सलवादी म्हणूं, दुसऱ्यास नवमतवादी. आमच्या मतें दोघेहि चुकले आहेत. आणि दोघांची चूक एकच आहे. दोघांनींहि ब्रेककडे न पाहतां ब्रेकच्या वयाकडे पाहिलें.

ज्यांचा सायकलशीं संबंध लहानपणींच सुटला, त्या वाचकांकरितां थोडें विवेचन अवश्य आहे. दूधवाल्याच्या व पोस्टमनच्या ज्या काळ्या रोडस्टर सायकली आपण पाहत आलों, त्यांचा ब्रेक सळईचा असतो. लिव्हर दाबला कीं सळई वर ओढली जाते, आणि दोन रबरें रिमच्या आंतल्या, म्हणजे आऱ्यांकडील अंगास दाबलीं जातात. कॅलिपरची रचना निराळी. त्याच्या दोन वांकड्या भुजा एका मधल्या बोल्टावर फिरतात. त्या चाकाला दोहों बाजूंनीं कवेंत घेतात. एका भुजेस आंतली तार व दुसरीस तारेचें बाहेरील आवरण अडकविलेलें असतें. तार ओढली कीं दोन्ही भुजा जवळ येतात आणि रबरें रिमच्या दोन्ही कुशींस चिकटतात. आवरणांतून सरकणाऱ्या ह्या तारेस ज्याचें नांव मिळालें त्या बाउडेननें आपलें पेटंट १८९६ सालीं घेतलें. रॅले कारखान्याचे संस्थापक फ्रँक बाउडेन ते हे नव्हत, दोघांच्या आडनांवाचें साम्य हा केवळ योगायोग आहे.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. ब्रेक म्हणजे नुसता कॅलिपर नव्हे. लिव्हर, तार, कॅलिपर, रबर आणि रिम अशी ती पांच जणांची साखळी आहे, आणि साखळीचें बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेंच असतें. आमच्या भाच्याच्या खोलींत तीन तास चाललेल्या वादांत रिमचें नांव एकदांहि निघालें नाहीं. सर्व भांडण कॅलिपरवर. कारण कॅलिपरवर कारखान्याचा शिक्का असतो, आणि शिक्का असला कीं शौकिनाची दृष्टि तेथेंच खिळते.

आतां अस्सलवाद्यांचा पूर्वपक्ष न्यायबुद्धीनें मांडूं. ते म्हणतात: जुनी वस्तु हा एक दस्तऐवज आहे. त्यांत आज एक शब्द बदलला, उद्यां दुसरा बदलला, तर परवां मूळ लेखाचा मागमूसहि राहणार नाहीं. ज्या कारागिरांनीं ती घडविली त्यांची रुचि, त्यांचें शहाणपण आणि त्यांच्या चुकासुद्धां पुढील पिढीस जशाच्या तशा दिसल्या पाहिजेत. हें म्हणणें आम्हांस पुष्कळ अंशीं मान्य आहे. जुन्या वाड्यांस संगमरवरी फरशी घालणारे आणि सागवानी खांबांस तैलरंग फांसणारे लोक आम्हींहि पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयीं आमच्या मनांत यत्किंचितहि प्रेम नाहीं.

परंतु अस्सल म्हणजे कोणत्या दिवशींची अस्सल, एवढें ह्या मंडळींनीं सांगावें. आजोबांनीं ती तीस वर्षें चालविली. त्या काळांत टायर किती झिजले, तारा किती तुटल्या आणि ब्रेकचीं रबरें किती वेळां बदललीं याची मोजदाद कोणी ठेवली नाहीं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानें जें रबर हातीं लागलें तें लावलें, आणि आजोबा दुसऱ्या दिवशीं कामावर गेले. त्यांच्या लेखीं ती सायकल दस्तऐवज नव्हती. ती वाहन होती. कारखान्यांतून बाहेर पडल्या दिवशींची अवस्था हीच काय ती खरी आणि पुढचीं तीस वर्षें खोटीं, असें म्हणणें म्हणजे मनुष्याच्या जन्मपत्रिकेची पूजा करून त्याचें आयुष्य गाळून टाकणें होय.

दुसरें असें कीं, त्या काळाची रुचि म्हणून जें पोलाद हे लोक डोक्यावर घेतात, ती त्या काळाची रुचि नसून त्या काळाची किंमत होती. ज्यांना परवडत होतें ते तेव्हांहि ॲल्युमिनियम वापरीत. १९३४ सालीं फ्रान्सची प्रसिद्ध सायकलशर्यत आंतोनिन मान्य यानें जिंकली, तेव्हां त्याच्या सायकलला ड्युरॅल्युमिनच्या रिमा होत्या, आणि कोणास संशय येऊं नये म्हणून त्या लाकडासारख्या रंगविल्या होत्या, असें त्या रिमा करणाऱ्या माव्हिक कारखान्याकडूनच सांगण्यांत येतें. इंग्लंडांत १९५० च्या सुमारास जी. बी. छापाचे हलक्या धातूचे ब्रेक हौशी स्वार आवडीनें घेत. फ्रान्समध्यें त्याच दशकांत माफाकच्या कॅलिपरनीं नांव मिळविलें. म्हणजे आमच्या भाच्याची सायकल तयार झाली तेव्हां ॲल्युमिनियमची रिम बाजारांत येऊन वीस वर्षें होऊन गेलीं होतीं. अशी रिम जुन्या सायकलीस लावल्यानें काळाचा विपर्यास होतो, हें परीक्षकांचें म्हणणें इतिहासाच्या नांवाखालीं केलेलें इतिहासाचें अज्ञान आहे.

इतकें वाचून नवमतवाद्यांस आनंदाचें भरतें येईल. परंतु त्यांनीं थोडें थांबावें. पोलाद वाईट आणि ॲल्युमिनियम चांगलें, असा जो सरळ हिशेब ते मांडतात तो पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासहि पटणार नाहीं. आणि तो विषय शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें येथें आम्हांस थोडें अधिकारानें बोलतां येतें. पोलादाचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या सुमारें तिप्पट असतो. एकाच मापाच्या दोन भुजा केल्या, एक पोलादाची व एक ॲल्युमिनियमची, तर त्याच जोरानें ॲल्युमिनियमची भुजा तिप्पट लवेल. मग आजचे कॅलिपर ताठ कसे? तर ॲल्युमिनियम हलकें असल्यामुळें त्याची भुजा जाड करतां येते. पोलादाची घनता ७·८५, ॲल्युमिनियमची २·७. त्यामुळें तितक्याच वजनांत व तितक्याच रुंदीची भुजा जवळजवळ तिप्पट जाड होते. वांकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. हिशेब केला तर ती भुजा पोलादी भुजेच्या सुमारें आठपट ताठ ठरते. जुन्या स्वस्त पोलादी कॅलिपरांच्या भुजा पत्र्यांतून दाबून काढलेल्या व बारीक असत, म्हणून त्या लवत. दोष धातूचा नव्हता, कंजुषीचा होता.

उलट पोलादाच्या अंगीं एक मोठा गुण आहे. तें वांकतें, परंतु सहसा एकाएकीं तुटत नाहीं. रबर रिमवर तिरकें बसत असेल, तर पोलादी भुजा किंचित् पिळून सरळ करतां येते; पूर्वींचे मिस्त्री हें काम पान्यानें लीलया करीत. जुन्या ॲल्युमिनियमच्या भुजेवर असा प्रयोग केल्यास तींत तडा जाण्याचें भय असतें, आणि तो तडा घाटांतच उघडकीस येतो. एका बोल्टावर फिरणारी, बाजूनें ओढली जाणारी ही जुनी रचनाहि मुळांत टाकाऊ नव्हे. १९६८ सालीं इटलीच्या कांपान्योलो कारखान्यानें आपला रेकॉर्ड कॅलिपर आणला तो ह्याच रचनेचा होता, आणि पुढें कित्येक वर्षें शर्यतींचे स्वार त्यावर विसंबून आल्प्सचे घाट उतरले. रचना तीच, फरक होता तो घडणीच्या नेटकेपणाचा.

शिवाय नवमतवाद्यांचा कॅलिपर जुन्या सायकलीस बसतच नाहीं, ही एक अडचण ते सोयीस्करपणें विसरतात. चिमट्याच्या मानेंतील भोंकापासून रिमच्या कुशीपर्यंतचें अंतर कॅलिपरच्या भुजेनें गांठलें पाहिजे. आजच्या शर्यतीच्या कॅलिपरांची पोंच साधारणपणें ३९ ते ४९ मिलिमीटर असते, जरा लांब जातीच्यांची ४७ ते ५७. जुन्या प्रवासी सायकलींत हें अंतर बहुधा ६० च्या पुढें जातें. मग हे गृहस्थ रबराच्या फटी कानशीनें लांबवितात. किंवा जुनीं चाकें टाकून नवीं ७००-सी मापाचीं घालतात. रॅले स्पोर्ट्सची रिम ५९० मिलिमीटर मापाची, ७००-सीची ६२२; म्हणजे रबर १६ मिलिमीटर वर सरकवावें लागतें, आणि चिखलपंख्यास जागा उरत नाहीं. त्यावर कडी म्हणजे आजच्या कॅलिपरचा नट भोंकाच्या आंत जाणारा असतो, त्याकरितां मागचें भोंक ६ मिलिमीटरांचें ८ करावें लागतें. सत्तर वर्षें निर्दोष राहिलेला चिमटा ड्रिलखालीं घालणाऱ्या हातास आम्ही सुधारकाचा हात म्हणणार नाहीं.

तर मग त्या सकाळीं घाटांत अपराधी कोण होता? अपराधी होती ती रिम. तीच चकचकीत क्रोमची रिम, जिच्यावर परीक्षकांनीं कौतुकानें बोट फिरविलें. क्रोमचा मुलामा आरशासारखा गुळगुळीत असतो. कोरड्या हवेंत रबर त्यावर बऱ्यापैकीं धरतें. परंतु पाऊस पडला कीं रबर आणि क्रोम यांच्यामध्यें पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, आणि तो वंगणाचें काम करतो. रिम कितीहि पुसली तरी चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत ती पुन्हां भिजते. ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग ह्या बाबतींत पुष्कळच समंजस आहे. पाणी पुसलें जातांच त्यावर रबराची पकड बसूं लागते. त्यांत आमच्या भाच्यानें अस्सलपणाच्या हट्टानें जीं रबरें बसविलीं तीं जुन्या पेटींतील, न वापरलेलीं, परंतु कित्येक दशकें पडून दगडासारखीं कठीण झालेलीं होतीं. बक्षिसाकरितां ह्याहून योग्य आणि रस्त्याकरितां ह्याहून घातक जोडी शोधून सांपडली नसती.

ह्याचा अर्थ आंकड्यांत पाहूं. ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. घाट उतरतांना हा वेग कांहीं अतिरेकी नव्हे. चांगला ब्रेक दर सेकंदास ५ मीटरांनीं वेग कमी करतो असें धरूं. शंभरांत आठ ह्या मानाच्या उतारावर गुरुत्वाकर्षण त्यांतले सुमारें ०·८ मीटर परत हिरावून घेतें. तरी सायकल सुमारें १२ मीटरांत थांबते. आतां पाण्यामुळें ब्रेकची पकड चौथाईवर आली असें समजा. ५ चे १·२५ झाले. त्यांतून उताराचे ०·८ वजा जातां ०·४५ उरले. ह्या ब्रेकनें तीच सायकल थांबावयास ११० मीटर लागतील. बारा मीटर आणि एकशेंदहा मीटर! पकड चौथाई झाली म्हणून अंतर चौपट होईल अशी समजूत करून घेणारा स्वार उतारावर नऊपट फसतो. येथें कॅलिपर पोलादाचा आहे कीं सोन्याचा, ह्याला कवडीची किंमत नाहीं.

यावर एक अस्सलवादी गृहस्थ आम्हांस म्हणाले, “इंग्लंडांत काय पाऊस पडत नाहीं? मग नॉटिंगहॅमचे लोक मेले कसे नाहींत?” प्रश्न बिनतोड वाटतो, परंतु त्याचें उत्तर त्याच देशाच्या दुकानांत मिळत होतें. पोलादी रिमकरितां तेथें तोंडास चामडें लावलेले ब्रेकचे ठोकळे विकले जात. चामडें ओलें झाल्यावरहि क्रोमवर रबरापेक्षां अधिक धरतें. म्हणजे दोष त्यांना ठाऊक होता, आणि त्यांनीं त्यावर इलाज शोधला होता. ते लोक सपाट रस्त्यानें, मंद गतीनें कारखान्यांत जात, आणि पावसांत पुष्कळ आधींपासून ब्रेक दाबीत. आपण त्यांची रिम घेतली, पण त्यांचें चामडें घेतलें नाहीं, त्यांची सावधगिरी घेतली नाहीं, आणि त्यांचा सपाट रस्ता तर आपल्याजवळ नव्हताच. पूर्वजांचें अनुकरण करतांना त्यांचा दोष तेवढा उचलून त्यांचा उपाय टाकून देणें, हें आपल्या समाजांत इतर ठिकाणींहि घडतें. परंतु तो विषय आज नको.

खंडन झालें, आतां मंडन करणें आमच्यावर बंधनकारक आहे, कारण भाच्याचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. आमचें मत थोडक्यांत असें: कॅलिपर पोलादाचाच ठेवावा, रिम बदलावी.

पोलादी कॅलिपर निवडतांना शिक्का शेवटीं पाहावा. प्रथम चिमट्याच्या भोंकापासून रिमच्या मध्यापर्यंतचें अंतर मोजून घ्यावें, आणि रबर फटीच्या अगदीं तळाशीं न बसतां मध्यावर बसेल असा कॅलिपर पसंत करावा. कारण भुजा खालीं जितकी लांबते, तितका तरफेचा लाभ कमी होतो आणि लवचिकपणा वाढतो. मग तो हातांत धरून दोन्ही भुजा पुढें-मागें हलवून पाहाव्या. मधला बोल्ट सैल असेल तर नट आवळून तो खेळ जातो. परंतु भोंकच झिजून लांबट झालें असेल, तर त्या कॅलिपरास नमस्कार करून तो खालीं ठेवावा. बोल्ट सरळ आहे ना, त्याचे आटे शाबूत आहेत ना, हें बोटानें नव्हे, नट शेवटपर्यंत फिरवून पाहावें. क्रोमखालीं गंजाचे फोड असले तर घाबरूं नये. परंतु भुजेच्या वांकणापाशीं रेघ दिसली तर मोह आवरावा. दोन कॅलिपर सारखेच वाटले, तर ज्याच्या भुजा अधिक जाड तो घ्यावा, मग त्याचा छाप कमी प्रतिष्ठेचा कां असेना.

तारेच्या बाबतींत अस्सलपणाचा हट्ट मुळींच धरूं नये. जुन्या आवरणांत गंज आणि वाळलेलें ग्रीस असतें. हाताचा अर्धा जोर तेथेंच खर्चीं पडतो. आंतून गुळगुळीत अस्तर असलेलें नवें आवरण आणि न गंजणाऱ्या पोलादाची तार घातली, तर बाहेरून कांहींच निराळें दिसत नाहीं, आणि ब्रेक मात्र दुसराच वाटूं लागतो. रबर ताजें व मऊ घ्यावें. त्याचें पुढचें टोक रिमला केसभर आधीं टेकेल असें बसवावें, म्हणजे ब्रेक किंचाळत नाहीं. त्याकरितां भुजा थोडी पिळावी लागली तरी पोलाद तें सहन करतें, हें वर सांगितलेंच आहे.

आणि रिम. ५९० मिलिमीटर मापाच्या ॲल्युमिनियमच्या रिमा आजहि मिळतात. त्यांवर मूळचेच हब आणि मूळचेच टायर चढतात, आणि कॅलिपरची पोंच बदलावी लागत नाहीं. दोन्ही चाकांचा खर्च झेपत नसेल तर पुढचें चाक आधीं करावें. कारण ब्रेक दाबतांच शरीराचा भार पुढें लोटला जातो आणि थांबविण्याचें बहुतेक काम पुढचें चाकच करतें. रिमहि बदलावयाची नसेल, तर निदान चामडी तोंडाचे ठोकळे मिळवावे, आणि पावसांत घाटाचें नांव काढूं नये. मात्र ते ठोकळे ॲल्युमिनियमच्या रिमवर कधींहि लावूं नयेत. चामड्यांत खडीचे कण रुततात आणि मऊ धातु खरवडून निघतो.

अस्सलवाद्यांच्या मनांत जी खरी भीति आहे, कीं एकदां बदल केला तर मूळ कायमचें गेलें, तिचाहि मान ह्यांत राखला जातो. आम्हीं सुचविलेल्या उपायांत एकहि भोंक पाडावें लागत नाहीं, एकहि भाग कापावा लागत नाहीं. काढलेल्या क्रोमच्या रिमा तेलाचा हात फिरवून, कागदांत गुंडाळून, वर तारखेची चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवाव्या. ज्या दिवशीं सायकल प्रदर्शनांत नेऊन भिंतीशीं टेकवावयाची असेल, त्या दिवशीं त्या पुन्हां चढवाव्या. जें परत फिरवितां येतें तो बदल, आणि जें परत फिरवितां येत नाहीं ती नासधूस. एवढा भेद पाळला म्हणजे जुन्या वस्तूचा धर्म राहतो आणि मनुष्याचें मनगटहि राहतें.

शेवटीं प्रदर्शनें भरविणाऱ्या मंडळींस आमची एक विनंति आहे, आणि ती आम्ही हात जोडून करीत नसून बोट दाखवून करीत आहों. आपण तरुणांपुढें बक्षीस ठेवतां. ज्या गोष्टीस आपण गुण देतां त्या गोष्टीकडे ते धांवतात. आजपर्यंत आपण चकाकीस गुण दिले, म्हणून त्यांनीं चकाकी मिळविली. केवळ पाहण्याच्या सायकली आणि चालविण्याच्या सायकली असे दोन वर्ग आपण उघडपणें करा. पहिल्या वर्गांत वाटेल तितकें क्रोम असूं द्या, आणि त्या सायकली टेंपोंतून आणा व टेंपोंतून परत न्या. दुसऱ्या वर्गाकरितां मात्र परीक्षकांच्या टेबलाशेजारीं पाण्याची एक बादली ठेवा. दोन्ही रिमांवर पाणी ओता, मालकास वीस पावलें वेगानें चालवूं द्या, आणि खडूच्या रेघेवर थांबावयास सांगा. जी सायकल थांबत नाहीं, तिचा शिक्का भिंगांतून वाचण्याचे श्रम घेऊं नका.

ही सूचना आम्हीं एका परीक्षकांस तोंडीं केली, तेव्हां ते म्हणाले, “पाण्यानें क्रोमवर डाग पडतात.” ह्या उत्तरावर आम्हांस अधिक भाष्य करण्याची इच्छा नाहीं.

आमच्या भाच्याचें मनगट जुळून आलें आहे. दुसऱ्या एका मोडक्या रॅलेचा चिमटा मिळाला. पुढचा कॅलिपर वांकला होता, त्याच्या जागीं जुन्या बाजारांतून त्याच जातीचा एक धडका पोलादी कॅलिपर तीन रविवार फिरून मिळविला, आणि दोन्ही चाकांस ॲल्युमिनियमच्या रिमा बसविल्या. आमची बहीण मात्र अजून धास्तावलेली असते. परवां तो सायकल बाहेर काढूं लागला तेव्हां ती स्वतः नळाची रबरी नळी घेऊन अंगणांत उभी राहिली, दोन्ही चाकें भिजविलीं, आणि म्हणाली, “आतां फाटकापर्यंत जोरांत जा, आणि थांबून दाखव.” तो गेला, आणि फाटकाच्या अलीकडे चार पावलांवर थांबला. तेव्हां तिनें वाट दिली. त्या प्रदर्शनाच्या परीक्षकमंडळावर पुढील वर्षीं एखादी जागा रिकामी होणार असेल, तर आम्ही आमच्या बहिणीचें नांव सुचवूं इच्छितों.